कोकरं दिवसभर चरतात तरी वजन का धरत नाहीत? खुराक कोणता, किती आणि कोणाला

कारंजा तालुक्यातल्या एका मेंढपाळ भावानं विचारलं आहे: "साहेब, माझ्याकडे ७० मेंढ्या आणि दिवाळीच्या आगेमागे झालेली ४० कोकरं आहेत. चार महिने झाले तरी कोकरं ९-१० किलोच्या वर जात नाहीत. दिवसभर ई-क्लासवर (गावच्या सरकारी चराऊ जमिनीवर) आणि खाली झालेल्या वावरांत चरतात, संध्याकाळी पोट भरलेलं दिसतं, पण पाठीला हाडंच लागतात. ढेपेचा एक कट्टा घालून पाहिला, फरक नाही. दुकानदार म्हणतो लिव्हर टॉनिक आणि गाईचा खुराक घ्या. शेजारी म्हणतो मका घाला. बकरी ईदला माल काढायचा आहे. नेमकं काय घालू?"

भाऊ, यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी २६ वर्षं गेली. हरभरा निघायला लागला की हाच प्रश्न दरवर्षी येतो. तुम्ही विचारता "काय घालू". मी आधी विचारतो "कमी कुठे पडतंय". चराईवरच्या मेंढीला खुराक द्यायचा तो चरण्यात राहिलेली उणीव भरायला. उणीव कशाची हे न ओळखता घातलेला खुराक पैसे खातो आणि वजन देत नाही.

तुमच्या कट्ट्याचाच हिशोब करू. कट्टा ५० किलोचा, तोंडं ११०. दहा दिवस पुरवला असेल तर एका तोंडाला रोज ४५ ग्रॅम आले. तेही सारखे नाहीत. गव्हाण एकच असली की मोठ्या मेंढ्या आणि एडके शिंगाडून पुढे होतात, कोकराच्या वाट्याला धूळ येते. म्हणजे ज्यांच्यासाठी ढेप आणली त्यांनी ती खाल्लीच नाही. यावरून ढेप निकामी आहे असं ठरवू नका.

काही गोष्टी कळप पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. कळप रोज किती चालतो, पाणी दिवसातून किती वेळा मिळतं, कोकरांच्या माया किती दुधाळ होत्या, जुळी किती, जंताचं औषध शेवटी कधी पाजलं आणि ते वजन करून की अंदाजानं, यावर उत्तर बदलतं. कळप दख्खनी आहे असं धरून बोलतो. चांगल्या सांभाळात दख्खनी कोकरू तीन महिन्यांत १०-१२ किलो भरतं. तुमची चार महिन्यांची ९-१० किलो आहेत, म्हणजे महिना-दीड महिना मागे पडली आहेत. हे भरून काढता येतं, पण ईदपर्यंत २५ किलोचा माल होईल अशी आशा कोणी दाखवत असेल तर ऐकू नका.

आता कोकरू मागे का पडलं ते पाहू. दिवाळीत व्यालेली मेंढी म्हणजे मृगाच्या पाण्यानंतर जूनमध्ये फळलेली. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा. पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणजे तुमच्या मेंढ्यांच्या बाबतीत सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या दिवसांत आपल्याकडे काय असतं? गवत हिरवं पण पाणीदार. सगळीकडे पेरा उभा, कळपाला चरायला फक्त धुरे (शेताचे बांध) आणि ई-क्लासचा तुकडा. एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा चराई, त्यामुळे जंत भरपूर. मेंढी गाभण असताना रक्त कमी, व्याल्यावर दूध कमी. पहिल्या महिन्यात कोकराची वाढ जवळपास सगळी आईच्या दुधावर असते आणि एक किलो वजनाला पाचेक लिटर दूध लागतं. तेच मिळालं नाही. फेब्रुवारीत दिसणाऱ्या ९ किलोचं कारण सप्टेंबरात आहे. हे सांगतो ते पुढच्या वेतासाठी. त्यावर नंतर येतो, आधी समोरची ४० कोकरं.

पोट भरलेलं आणि पाठ रिकामी, हे तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटाला कोठीपोट म्हणतात. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवतात आणि त्यांच्या जोरावर मेंढी जगते. या जिवांना काम करायला प्रथिनं लागतात. चाऱ्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं. आपली मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं हिरवी असतात तेव्हा चांगली, पण फेब्रुवारीनंतर वाळून सोन्यासारखी पिवळी झाली की त्यांत प्रथिनं ३-४ टक्केच उरतात. असं गवत कोठीपोटात पडून राहतं, पुढे सरकत नाही. पुढे सरकत नाही म्हणून जनावर नवीन खात नाही. दूध हंडाभर आहे पण विरजण चमचाभरही नाही, मग दही लागेल कसं? तसंच हे. बाहेरून कळप टम्म दिसतो, आतून उपाशी असतो.

म्हणून या ऋतूत थोडी प्रथिनं दिली तर त्यांचा फायदा त्यांच्या वजनापेक्षा मोठा मिळतो. ती स्वतः तर पचतातच, शिवाय दिवसभर चरलेलं वाळलं गवतही पचवून देतात. शेजाऱ्याचा मका इथेच चुकतो. मक्यात ताकद आहे, पण प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास. एकटा मका घातला तर कोठीपोटात आंबट वाढतं आणि गवत पचवणारे जीव आणखी मंदावतात. हाच मका पावसाळ्यात, हिरवं कोवळं गवत असताना, मूठभर दिला तर चांगला लागू पडतो, कारण तेव्हा प्रथिनं असतात आणि ताकद कमी पडते. वस्तू तीच, ऋतू बदलला की गुण बदलतो. दुकानदाराच्या टॉनिकबद्दल इतकंच सांगतो की त्या बाटलीत प्रथिनं नाहीत.

खुराकाच्या आधी मात्र जंत. इथे मी कधीच सूट देत नाही. काही वर्षांपूर्वी दारव्ह्याकडच्या एका वाड्यावर गेलो होतो. तक्रार हुबेहूब तुमचीच, फक्त त्यांनी दोन महिने नीट मोजून चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा) आणि ढेप घातली होती. वाघरीतून (मेंढ्या कोंडायच्या जाळीतून) पहिलं हाती आलेलं कोकरू गुडघ्यात धरलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. आतला भाग लाल-गुलाबी दिसायला हवा, तो धुतलेल्या कापसासारखा पांढरा होता. जबड्याखाली बोट दाबलं तर भिजवलेल्या कणकेसारखं मऊ, बोटाचा खळगा तसाच राहिला. तिथे पाणी उतरलं होतं. दुसरं, तिसरं, चौथं कोकरू, सगळ्यांचं तेच. चौथ्या पोटात राहणारा एक सुतासारखा, लाल-पांढरा पीळ असलेला जंत असतो. तो रक्तावर जगतो. असे हजार जंत असले तर रोज सुमारे ५० मिली रक्त जातं, आणि १० किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं किती? सहा-सातशे मिली. घरधनी चुनी घालत होते आणि ती जंतांचं पोट भरत होती. औषध दिल्यावर त्याच खुराकावर त्याच कोकरांनी महिनाभरात अंग धरलं.

तुम्ही उद्याच दहा कोकरांच्या पापण्या पाहा. पाच-सहा जणांच्या लेंड्या वेगवेगळ्या कागदात बांधून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. तपासणीत जे निघेल त्याप्रमाणे औषध घ्या. गोल जंतांचं, चपट्या जंतांचं आणि रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडियाचं औषध वेगवेगळं असतं, त्यामुळे दुकानातून "जंताचं द्या" म्हणून आणलेली बाटली कधी लागू पडते, कधी नाही. नदी-तलावाच्या काठी किंवा भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चरणाऱ्या कळपात चपटे जंत जास्त, तुमच्या माळरानावर गोल जंत जास्त. डोस काट्यावर वजन करून द्या. अंदाजानं कमी डोस दिला की सगळे जंत मरत नाहीत, उरलेले त्या औषधाला सरावतात आणि दोन वर्षांनी तेच औषध पाण्यासारखं होतं.

दुसरी पूर्वतयारी आंत्रविषाराच्या लसीची. खुराक सुरू झाला की कळपातलं सगळ्यात तगडं, सगळ्यात खादाड कोकरू एका रात्रीत मरून पडतं. लोकांना वाटतं नजर लागली, नाहीतर पान लागलं, म्हणजे साप चावला. बहुतेक वेळा तो आंत्रविषार असतो. आतड्यातले जंतू जास्तीच्या दाण्यावर माजतात आणि विष सोडतात. पहिल्यांदा लस देत असाल तर १४ ते २१ दिवसांच्या अंतरानं दोन डोस लागतात. खुराक वाढवणं या दोन डोसांच्या चालीनं ठेवा, म्हणजे पूर्ण मापावर याल तोवर लसीचं संरक्षणही उभं राहिलेलं असेल.

आता प्रत्यक्ष मिश्रण. विदर्भात कडधान्याची चुनी, ढेप आणि कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) जागच्या जागी मिळतं, त्यामुळे तयार पोत्यावर अवलंबून राहण्याची गरज नाही. १०० किलो मिश्रणासाठी मी साधारण असं सांगतो: मक्याचा भरडा ४४ किलो, तूर चुनी २० किलो, सोयाबीन ढेप १२ किलो, सरकी ढेप १० किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण २ किलो, चुनखडीची बारीक पूड १ किलो आणि मीठ १ किलो. यात प्रथिनं १६-१७ टक्क्यांच्या घरात बसतात. हे मापून दिलेलं औषध नाही, भावाप्रमाणे बदला. मका महाग झाला तर ज्वारी चालते. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते, पण तिला बुरशीचा वास असेल तर फुकटही घेऊ नका. गोंदियाकडे असाल तर तांदळाची कणी स्वस्त पडेल. सोयाबीन ढेप परवडत नसेल तर चुनी वाढवा.

"घरचंच सोयाबीन पडून आहे, तेच भरडून घालू का?" हेही दर हंगामात विचारलं जातं. मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत, तेही भाजून, चालेल. त्यात तेल जास्त असतं, प्रमाण वाढलं की चारा पचत नाही. कच्च्या सोयाबीनसोबत युरिया तर कधीच नको, त्यातून विषबाधा होते. तसंही कोकरांच्या खुराकात युरियाला जागाच नाही.

गाईचा खुराक आणि गाईंचं खनिज मिश्रण नको म्हणतो त्याला कारण आहे. मेंढी तांब्याला फार नाजूक. गाईला लागतं तितकं तांबं मेंढीच्या काळजात (यकृतात) हळूहळू साठतं आणि एके दिवशी अचानक कावीळ, काळसर लाल लघवी आणि मरण. कोंबडीखाद्याचंही तेच, शिवाय त्यात कोंबड्यांसाठीची औषधं मिसळलेली असतात. पोत्यावर मेंढ्यांसाठी असं लिहिलेलंच घ्या.

चुनखडी कशाला, असं तुमच्या मनात येईल. दाणा आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. हा तोल बिघडला की नर कोकरांना मुतखडा होतो. कोकरू पाय पसरून कुंथतं, शेपटी हलवत राहतं, थेंब थेंब मुततं. मादीची मूत्रनळी रुंद असते, तिला सहसा त्रास होत नाही, आणि विकायचा माल तर नरच असतो. किलोभर चुनखडी आणि किलोभर मीठ घातलं की तोल राहतो आणि पाणीही जास्त प्यायलं जातं. पाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ समोर हवंच, मार्चनंतर दुपारीही. उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा तहानलेलं जनावर खुराकाकडे पाहतही नाही.

किती द्यायचं? कोकराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के. १० किलोच्या कोकराला १५० ते २०० ग्रॅम. पण पहिल्या दिवशी नाही. इथे माझ्या हातून घडलेलं सांगतो, कारण ते मी विसरलेलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मेंढपाळ कुटुंबाला मी "रोज पावशेर भरडा द्या" एवढंच सांगून निघून आलो. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पावशेर दिला, आणि चांगलं खातात म्हणून हात सैल सोडला. तिसऱ्या सकाळी त्यांचा मुलगा सायकल दामटत आला. जाऊन पाहतो तर पाच कोकरं आडवी, दात करकरत, कूस हलवली की आत पाणी डचमळल्याचा आवाज, शेण पातळ आणि ताकासारखं आंबट. तीन गेली. त्या माउलीनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. माप मी सांगितलं होतं, त्या मापापर्यंत किती दिवसांत पोचायचं ते सांगितलं नव्हतं. चूक माझी होती.

तेव्हापासून मी पायऱ्या लिहून देतो. पहिले तीन दिवस ५० ग्रॅम. आठवडा संपेपर्यंत १००. दुसरा आठवडा संपेपर्यंत १५०. नंतर २००, आणि वजन वाढेल तसं वाढवत जा. शेण पातळ झालं की दोन दिवस मागच्या पायरीवर उतरा. खुराक रिकाम्या पोटी नको. सकाळी सोडण्याआधी तुरीचं कुटार टाका, संध्याकाळी चरून आली, पाणी प्यायली, अर्धा तास बसली की खुराक. १५० ग्रॅमच्या वर गेलात की दोन वेळांत वाटून द्या. दाणा भरडलेला असावा, पीठ नको. पीठ लवकर आंबतं आणि नाकात जातं.

माप म्हणजे काय तेही पाहा. बहुतेक वाड्यांवर वहिनी दुधाच्या पावडरच्या डब्यानं खुराक वाढतात. एका डब्यात मका ७०० ग्रॅम बसतो, तर कोंडा निम्माही बसत नाही. तुमचा डबा तुमच्या मिश्रणानं भरून एकदा किराणा दुकानात तोलून आणा आणि त्यावर रंगानं रेघ मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि कोकरांची जागा वेगळी करा. वाघरीचाच एक कोपरा बांबूनं अडवा, मोठी मेंढी शिरणार नाही पण कोकरू सहज जाईल एवढी फट ठेवा. तुमच्या कोकरांसाठी वीत-सव्वावीत रुंदी पुरते. आत गव्हाण एवढी लांब हवी की प्रत्येकाला वीतभर जागा मिळेल. जागा कमी पडली की दांडगी दुप्पट खातात आणि आजारी पडतात, दुबळी तशीच राहतात. पुढच्या वेताला हीच सोय कोकरू पंधरा दिवसांचं झाल्यापासून करा. चिमूटभर चाटत चाटत त्याचं कोठीपोट लवकर कामाला लागतं आणि दूध तुटल्यावर जो झटका बसतो तो बसत नाही.

चालण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या भागात तो मोठा खर्च आहे. ई-क्लास जमिनी आक्रसत चालल्या, जंगलात मेंढीला मज्जाव, म्हणून कळप दिवसाला आठ-दहा किलोमीटर फिरतो. मोठ्या मेंढीला ते झेपतं. १० किलोच्या कोकराचं खाल्लेलं बरंचसं चालण्यात जळतं. विकायची कोकरं एप्रिल-मेमध्ये तरी कळपामागे पाठवू नका. सकाळी दोन-तीन तास जवळच्या वावरात चारा आणि ऊन चढायच्या आत निंबाखाली आणा. समोर तुरीचं कुटार, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला, बोरीचा पाला असू द्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, जास्त झाली तर लोकर गळते. तुरीच्या कुटारात पानं आणि शेंगांची टरफलं असतात, ते सोयाबीनच्या कुटारापेक्षा कितीतरी सरस. गंजी पावसापासून झाकून ठेवली तर उन्हाळाभर पुरते. एप्रिल-मेमध्ये बाभळीच्या शेंगा गोळा करा. पोरं आनंदानं करतात. त्या कुटून द्या, नाहीतर बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं आणि त्यातली प्रथिनं वाया जातात.

वावर बदलताना सांभाळा. सोयाबीन काढलेल्या वावरात सांडलेला दाणा, खळ्यावरचा हरभरा, लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात, या तिन्ही ठिकाणी मी कळप आडवे झालेले पाहिले आहेत. भुकेला कळप अशा जागी सोडू नका, आधी कुटारानं पोट अर्धं भरा. पऱ्हाटीत (कपाशीत) किंवा तुरीत शिरण्याआधी मालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे पोंगे खाऊ देऊ नका, किराळ लागते, म्हणजे त्या कोवळ्या फुटव्यांतून विषबाधा होते.

पैशाचं गणित एका कोकरावर मांडू. भाव मी धरून चालतो, तुमच्या बाजाराचे घालून पाहा. रोज २०० ग्रॅम प्रमाणे ९० दिवसांत १८ किलो मिश्रण लागेल. किलोला २८ रुपये धरले तर ५०४ रुपये. जंत काढलेले, चालणं कमी, जागा वेगळी, सगळं जमलं तर नुसत्या चराईपेक्षा रोज ५० ग्रॅम जास्त वाढ मिळू शकते. म्हणजे साडेचार किलो, ३५० रुपये किलोच्या भावानं १५७५ रुपये. थोडं कमी-जास्त झालं आणि ३० ग्रॅमच मिळाले तर २.७ किलो, ९४५ रुपये. तरीही फायद्यात. पण जंत तसेच राहिले, मोठ्यांनीच अर्धं खाल्लं आणि १० ग्रॅमच मिळाले, तर हाती ३१५ रुपये आणि १८९ रुपयांचा तोटा. तिन्ही ठिकाणी मिश्रण तेच, खर्च तोच. म्हणून मी मिश्रणाच्या आधी इतकं बोललो.

या हिशोबानं तुमची साडेनऊ किलोची कोकरं मेच्या अखेरीस ईदपर्यंत १७ किलोच्या आसपास जातील. खुराकाशिवाय साडेबारा-तेरावर थांबतील. सगळी ४० एका मापावर ठेवू नका. नर वेगळे काढा, त्यातले चांगले अंग धरणारे ईदसाठी पूर्ण मापावर ठेवा. मागे राहिलेले नर ईदच्या घाईत पडत्या भावानं देण्यापेक्षा पाऊस लागल्यावर पुढे न्यावेत असं माझं मत आहे. ठेवायच्या माद्यांना १०० ग्रॅम पुरे, पण तेवढे द्याच. मादी कोकरू उपाशी वाढलं तर ते उशिरा फळतं, आणि फळलं तर दुबळं कोकरू देतं. चक्र पुन्हा तिथेच येतं.

आता मघाशी सप्टेंबरची गोष्ट ठेवली होती ती. पैसे कमी असतील आणि वर्षातून एकदाच खुराक द्यायचा असेल, तर मी तो कोकरांना न देता गाभण मेंढ्यांना शेवटच्या सहा आठवड्यांत देईन. मेंढीला रोज २०० ग्रॅम, आणि व्याल्यावर महिनाभर तेवढाच. पावणेदोन किलोचं जन्मलेलं कोकरू आणि पावणेतीन किलोचं जन्मलेलं कोकरू यांच्यातलं अंतर नंतर कितीही ढेप घातली तरी पुरतं भरत नाही. सगळ्या ७० मेंढ्यांना एकदम देणं जमणार नाही, हे मला कळतं. कमरेवर हात ठेवून निवडा. कणा करवतीसारखा हाताला टोचतो ती आधी. मांसात बुडालेला लागतो ती राहू द्या. आणि जूनमध्ये एडका सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दुबळ्या मेंढ्यांना पावशेर खुराक दिला तर फळण्याचं प्रमाण सुधारतं. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत संतुलित खाद्यासाठीही अनुदानाची तरतूद आहे. अर्ज केला नसेल तर पशुसंवर्धन विभागात चौकशी करा.

तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात पापण्या, लेंडी तपासणी, जंताचं औषध आणि लसीचा पहिला डोस. सोबत कोकरांचा कोपरा बांधून ५० ग्रॅमपासून सुरुवात. तिसऱ्या आठवड्यात लसीचा दुसरा डोस आणि २०० ग्रॅम.

सुरुवात करण्याआधी दहा कोकरांना पाठीवर रंगाचा ठिपका लावा आणि सकाळी चरायला सोडण्याआधी, उपाशीपोटी, झोळीत घालून ताणकाट्यानं वजन करा. वहीत लिहून ठेवा. पूर्ण मापावर आल्यापासून बरोबर महिन्यानं तीच दहा कोकरं, त्याच वेळी, त्याच काट्यावर. सरासरी अडीच किलोच्या आसपास वाढली असेल तर हेच चालू ठेवा. दीड किलोच्या आत असेल तर खुराक वाढवू नका. आधी लेंडी पुन्हा तपासा, आणि एका संध्याकाळी गव्हाणीजवळ बसून खुराक नेमका कोण खातं ते पाहा. दोन्ही वेळची वजनं मला कळवा, पुढचं माप त्यावरून ठरवू.